उसन्या नावाची गायिका

१९४८ साली वॉर्नर ब्रदर्सने ‘रोमान्स ऑन द हाय सीज’ नावाचा एक रंगीत, गाण्यांनी भरलेला विनोदी चित्रपट काढला. नवरा-बायकोचा एकमेकांवरचा संशय, एकीच्या नावावर दुसरीचा बोटीचा प्रवास आणि शेवटी सगळा घोळ मिटून जोड्या जुळणं, असा त्याचा साधा मामला. हॉलिवूडच्या थोर चित्रपटांत कुणी त्याची गणना करत नाही. पण मी या चित्रपटाचं देणं लागते. उमेदीची सगळी वर्षं मी रेडिओवर बोलून पोट भरलं, माणसं जोडली. ज्या आवाजाच्या बळावर हे केलं, तो आवाज मला या चित्रपटाने दिला.

या ऋणात चार माणसं आहेत. जॉर्जिया गॅरेट ही चित्रपटातली नाइटक्लबची गायिका. ती भूमिका करणारी डोरिस डे, जिचं पडद्यावरचं हे पहिलंच काम. डोरिसला गाणं शिकवणाऱ्या, अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या सिनसिनाटी शहरातल्या ग्रेस रेन. आणि मला समोर बसवून हा चित्रपट दाखवणारे कावेलचे अंकल. पहिली काल्पनिक, पुढच्या दोघींना मी कधी पाहिलं नाही. अंकल मात्र माझे होते.

मी सातारा जिल्ह्यातल्या एका दुष्काळी गावात वाढले. वडील प्राथमिक शाळेत गुरुजी. वक्तृत्व स्पर्धांना तेव्हा मोठा मान होता आणि आमच्या घरात तर त्यांचं वेडच होतं. ध्वनिक्षेपक नसला तरी शेवटच्या रांगेतल्या माणसाला शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे, हा वडिलांचा नियम. ते अंगणाच्या टोकाला जाऊन उभे राहत आणि मी ओसरीवरून बोलायचं. बेंबीच्या देठापासून आवाज कसा काढायचा ते मी तिथे शिकले. तालुक्याच्या, जिल्ह्याच्या फिरत्या ढाली आमच्या शाळेत आल्या. त्या आवाजाचा मला अभिमान होता आणि आजही आहे. गावसभेत बाईला उभं राहून बोलायचं असेल तर तोच आवाज लागतो.

नोकरीसाठी मुंबईला आले तेव्हा लालबागच्या चाळीत आत्याकडे राहिले. आकाशवाणीची आवाजाची चाचणी दिली, पास झाले आणि हंगामी उद्घोषिका म्हणून ड्यूट्या मिळू लागल्या. उच्चार स्वच्छ होते, वाचन बिनचूक होतं. पण बोलायला लागले की मीटरचा काटा लाल पट्टीत शिरे आणि काचेपलीकडचे इंजिनिअर फेडर खाली ओढत. मुद्दाम आवाज बारीक केला की बोलण्यातला जीव निघून जाई. मोठ्याने बोलले की सभा होई, हळू बोलले की कुजबुज. मधली जागा कुठे आहे ते मला सापडत नव्हतं, आणि ती शिकवणारं पुस्तकही कुठे मिळत नव्हतं.

पाश्चात्य संगीताच्या कार्यक्रमांसाठी रेकॉर्ड निवडून द्यायला एक वयस्कर गोवेकर गृहस्थ येत. सगळे त्यांना अंकल म्हणत, मीही म्हणू लागले. तरुणपणी ते मुंबईच्या हॉटेलांतल्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवत. गोव्याचे वादक त्या काळी मुंबईच्या हॉटेलांत अमेरिकन चित्रपटांतली नवी गाणी वाजवत. रेकॉर्ड हाती आली की ती पुन्हापुन्हा ऐकून स्वरलिपी उतरवायची आणि शनिवारच्या नाचाला वाजवायची, हे अंकलचं शिक्षण. पुढे १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा आला. हॉटेलांतल्या रात्री ओस पडल्या, बँडचं काम आटलं. हिंदी चित्रसंगीतात गोव्याच्या वादकांची ये-जा आधीपासून होतीच, ती आता फार वाढली. संयोजक सेबॅस्टियन डिसूझा, व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस ही नावं आज जाणकार आदराने घेतात. अंकल त्यांच्या मागच्या रांगांत बसणाऱ्यांपैकी. सुरावटीतली आपली चार मापं चोख वाजवायची आणि संध्याकाळी घरी जायचं.

एकदा माझी ड्यूटी संपल्यावर ते बाहेर व्हरांड्यात थांबले होते. म्हणाले, “बाय, तू उभी राहून बोलतेस.”

“नाही अंकल, खुर्चीत बसूनच बोलते.”

“तू बसतेस गो. तुझा आवाज उभा असतो.”

मी गप्प राहिले. त्यांनी मला दुखावण्यासाठी म्हटलं नव्हतं, हे त्यांच्या तोंडाकडे पाहूनच कळत होतं. जरा वेळाने म्हणाले, “आयतवारी घरी ये. आमचं मिसा झालं की ये. तुला एक बाई दाखवतो.”

अंकलचं घर चिराबाजारच्या बाजूला, कावेलमध्ये. लाकडी जिन्याचं जुनं घर, भिंतीवर क्रूस, त्याच्याखाली सॅक्सोफोनची पेटी. लंडनच्या भाच्याने तिथल्या टीव्हीवरून उतरवून पाठवलेली व्हिडिओ कॅसेट त्यांनी यंत्रात घातली. आंटीने चहा आणि केक दिला आणि त्याही पदर खोचून आमच्याबरोबर बसल्या. त्या दोघांनी हा चित्रपट लग्नानंतर मुंबईत थिएटरमध्ये पाहिला होता आणि त्यातलं गाणं अंकलच्या बँडने कितीतरी रात्री वाजवलं होतं.

चित्रपटाची गोष्ट अशी. न्यूयॉर्कच्या एल्व्हिरा केंट या श्रीमंत बाईला वाटतं, आपला नवरा बाहेर कुणात तरी गुंतला आहे. लग्नाच्या वाढदिवसाला ठरवलेला प्रवास त्याच्या कामापायी दर वेळी रद्द होतो. या वेळी ती दक्षिण अमेरिकेच्या बोटीचं तिकीट काढते, पण स्वतः न जाता गुपचूप न्यूयॉर्कलाच राहून नवऱ्यावर पाळत ठेवायचं ठरवते. आपल्या नावावर ती बोटीवर पाठवते जॉर्जिया गॅरेटला. इकडे बायको एकटीच आनंदाने निघालेली पाहून नवऱ्यालाही संशय येतो आणि तो तिच्या मागावर पीटर व्हर्जिल नावाचा खासगी गुप्तहेर सोडतो. पीटर ज्या बाईवर पाळत ठेवायला आलेला असतो तिच्याच प्रेमात पडतो. आणि ती तर त्याच्या लेखी अशिलाची बायको! शेवटी सगळी मंडळी रिओला एकत्र येतात आणि गुंता सुटतो.

मला ओढून घेतलं ते जॉर्जियाने. ती एका सुमार क्लबात गाते. प्रवासाचं तिला विलक्षण वेड. खिशात पैसे नसताना ट्रॅव्हल एजन्सीत जाऊन दूरदूरच्या सफरी आखत बसणं हा तिचा छंद. तिथेच एल्व्हिराची आणि तिची गाठ पडते. बोलणं फटकळ, च्युइंगगम चघळत चालणं, चेहऱ्यावर वांग असावेत तसे ठिपके. अशी ही मुलगी एकदम उंची पोशाख घालून खानदानी बाई म्हणून बोटीवर चढते. तिचं नाव, कपडे आणि तिकीट, सगळं उसनं. गायिका आहोत हे कळता कामा नये, एवढी एकच अट ती पाळू शकत नाही, कारण बँड समोर असताना गप्प बसणं तिला जमत नाही. ती गाते, आणि त्या घडीला तिच्याजवळ स्वतःचं असं काही उरलेलं असेल, तर तो फक्त आवाज.

हे पाहताना माझं मन भरून आलं. उद्घोषिकेजवळ तरी स्वतःचं काय असतं? मजकूर दुसऱ्याचा, गाणी दुसऱ्यांची, वेळ क्यू शीटने बांधलेली. हंगामी माणसाला तर आपली खुर्चीही आठवड्यापुरती. दुसऱ्याच्या शब्दांत राहूनही आवाज आपला ठेवता येतो, हे मी त्या दुपारी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

एका बंदरावर जॉर्जिया पीटरबरोबर जेवायला बसते आणि तिथे ‘इट्स मॅजिक’ गाते. संगीत जूल स्टाइन यांचं, शब्द सॅमी कान यांचे. गाणं संपलं तसं अंकलनी कॅसेट मागे नेली आणि पुन्हा लावली. मग आवाज बंद करून नुसतं चित्र दाखवलं, मग मला पाठमोरं बसवून नुसता आवाज ऐकवला.

“खांदे बघ. हलतात?”

“नाही.”

“वरचा सूर आला की हनुवटी वर जाते?”

“नाही जात.”

“आता ऐक. कुणासाठी गाते?”

मी म्हटलं, “त्याच्यासाठी. पीटरसाठी.”

“बरोबर. आणि हे ध्यानात ठेव, हे गाणं आधी स्टुडिओत रेकॉर्ड केलं. तिथे पीटर नव्हता. तिथे मायक्रोफोन होता, जसा तुझ्याकडे आहे.”

आंटी तेवढ्यात म्हणाल्या, “ती माझ्यासाठी गाते असंच मला तेव्हा वाटलेलं.” अंकल हसले आणि म्हणाले, “बघ. थिएटरात हजार माणसं होती, हिला वाटतं हिच्यासाठी गायली.”

त्या एका वाक्यात माझं पुढचं सगळं शिक्षण होतं. वडिलांनी मला शेवटच्या रांगेतल्या माणसापर्यंत पोचायला शिकवलं होतं. मायक्रोफोनला शेवटची रांगच नसते. ऐकणारा प्रत्येक जण पहिल्या खुर्चीत, अगदी हाताच्या अंतरावर असतो. इतक्या जवळच्या माणसाशी सभेतल्यासारखं बोललं तर तो मागे सरकतो.

या बाईचं गाणं असं का, ते पुढे मी मिळेल तिथून वाचत गेले. डोरिस मेरी ॲन कॅपलहॉफ हे तिचं खरं नाव. जन्म सिनसिनाटीचा, १९२२ चा. वडील संगीतशिक्षक, पण मुलीला गाण्यापेक्षा नाचाची ओढ. एका मुलाबरोबर तिने शहरातली नृत्यस्पर्धा जिंकली आणि दोघांनी हॉलिवूड गाठायचं ठरवलं. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ती बसलेल्या मोटारीला रेल्वेगाडीची धडक बसली. उजवा पाय इतका मोडला की नाचाचा विषय संपला. ती पंधरा वर्षांची होती.

पाय बरा होईपर्यंत ती घरात अडकून पडली आणि रेडिओ ऐकू लागली. बेनी गुडमन, ड्यूक एलिंग्टन, टॉमी डॉर्सी यांचे बँड, आणि सर्वांत जास्त एला फिट्झजेराल्ड. एला शब्दावर कुठे सावली टाकते, कुठे उजेड, ते पकडत ती रेडिओबरोबर गाऊ लागली. सिनसिनाटीत तेव्हा डब्ल्यूएलडब्ल्यू नावाचं केंद्र होतं. १९३४ ते १९३९ या काळात ते ५०० किलोवॅट शक्तीने बोलत होतं, जेव्हा अमेरिकेतल्या इतर मोठ्या केंद्रांना ५० किलोवॅटची मर्यादा होती. पुढे ही मुलगी त्याच केंद्रावर गायली आणि तिथेच बार्नी रॅप या बँडप्रमुखाच्या कानी पडली. देशातल्या सर्वांत प्रचंड आवाजाच्या केंद्रावरून इतक्या हळुवार आवाजात गाणारी मुलगी पुढे आली, हे वाचून रेडिओवाली म्हणून माझा ऊर अभिमानाने भरला. प्रक्षेपकाची शक्ती हे इंजिनिअरांचं काम, जवळीक हे बोलणाऱ्याचं. या दोन गोष्टी किती वेगळ्या आहेत, ते तिने सतराव्या-अठराव्या वर्षी जाणलं होतं.

जाणलं ते ग्रेस रेन यांच्यामुळे. आई अल्मा मुलीला त्यांच्याकडे गाणं शिकायला घेऊन गेली. मुलीचा गळा ऐकून बाई इतक्या भारावल्या की एका शिकवणीच्या पैशांत त्यांनी तिला आठवड्याला तीन शिकवण्या दिल्या. आणि एक गोष्ट पक्की बजावली. गाताना एकाच माणसासाठी गायचं, त्याच्या कानाशी बोलावं तसं, शब्दांचा अर्थ मनात धरून. माझ्या गाण्यावर सर्वांत जास्त परिणाम रेनबाईंचा झाला, असं डोरिस जगप्रसिद्ध झाल्यानंतरही सांगत राहिली. पाय मोडलेल्या, घरी फारसा पैसा नसलेल्या मुलीला त्या बाईंनी दोन शिकवण्या फुकट का दिल्या असतील? मला वाटतं, चांगल्या शिक्षकाला हिशेबापेक्षा समोरचा गळा मोठा वाटतो. माझे वडील असेच होते आणि अंकलही.

डे हे आडनावही तिला उसनंच मिळालं. कॅपलहॉफ हे नाव पाटीवर मावणार नाही, म्हणून बार्नी रॅप यांनी तिच्या गाण्यातल्या एका शीर्षकावरून ते सुचवलं. तिला ते फारसं आवडलं नव्हतं, पण ती त्याच नावाने गात राहिली. १९४५ मध्ये लेस ब्राऊनच्या बँडबरोबर तिने गायलेलं ‘सेंटिमेंटल जर्नी’ गाजलं. महायुद्धावरून घरी परतणाऱ्या सैनिकांनी ते आपलं म्हटलं.

आणि जॉर्जियाची भूमिका? तीही मुळात दुसरीचीच. चित्रपटासाठी आधी ज्यूडी गार्लंडचा विचार झाला होता. मग बेटी हटन ठरली, ती गरोदर राहिल्यामुळे भूमिका मोकळी झाली. जूल स्टाइन यांनी डोरिसचं गाणं एका मेजवानीत ऐकलं होतं. ती दिग्दर्शक मायकेल कर्टीझ यांच्यापुढे गायला गेली तेव्हा तिचं दुसरं लग्न मोडत आलं होतं, लहान मुलगा आजीजवळ होता. गाता गाता तिला रडू कोसळलं. मी कधी अभिनय केलेला नाही, हे तिने सरळ सांगून टाकलं. कर्टीझ यांनी तिलाच घेतलं. अभिनयाची शिकवणी लावू का, असं तिने विचारलं तेव्हा त्यांनी नको म्हटलं. जे सहज येतंय ते शिकवणीने हरवेल, हे त्या जाणत्या माणसाला दिसत होतं.

कर्टीझ मूळचे हंगेरीचे. सहा वर्षांपूर्वी त्यांनी ‘कॅसाब्लांका’ केला होता. जॉर्जियाची गोष्ट लिहिणारे ज्यूलिअस आणि फिलिप एपस्टाइन हे जुळे भाऊ ‘कॅसाब्लांका’चेही लेखक. त्यातला गोलमटोल, प्रेमळ वेटर झालेले एस. झेड. साकाल इथे एल्व्हिराचे काका होतात. म्हणजे जगातला सर्वांत प्रसिद्ध नाइटक्लब ज्यांनी पडद्यावर उभा केला, त्याच माणसांनी ही क्लबवाली मुलगी घडवली. संवादांना हात लावणारे आय. ए. एल. डायमंड पुढे बिली वाइल्डर यांच्याबरोबर ‘सम लाइक इट हॉट’ लिहितात. गाण्यांची मांडणी बझ्बी बर्कली यांची. एवढे पट्टीचे लोक एका हलक्या गोष्टीसाठी जीव ओतून काम करतात, म्हणूनच ती इतकी सहज वाटते. जॅक कार्सनचा पीटर, पियानोवर बसून जॉर्जियासाठी झुरणारा ऑस्कर लेव्हंट, गोंधळात सापडलेली जॅनिस पेजची एल्व्हिरा, यांतलं कुणीही हातचं राखून काम करत नाही.

नाइटक्लबची गायिका हे पात्र तेव्हाच्या हॉलिवूडला नवं नव्हतं. काळा झगा, सिगारेटचा धूर, पुरुषाला भुलवून बुडवणारी नजर, असा तिचा साचा ठरून गेला होता. दोनच वर्षांपूर्वी ‘गिल्डा’त रिटा हेवर्थने तो शिगेला नेला होता. आपल्याकडेही पन्नासच्या दशकात हिंदी चित्रपटांत क्लबातली बाई म्हणजे नायकाला वाट चुकवणारी, शेवटी गोळी झेलून मरणारी. लालबागच्या चाळीत क्लबात गाणारी असं नुसतं म्हटलं तरी बायका तोंडावर पदर घेत. जॉर्जिया या कशातच बसत नाही. ती क्लबात गाते कारण ते तिचं काम आहे. तिला जग पाहायचं आहे. ती खोटं नाव घेते, पण मनाने खोटी होत नाही, आणि पीटरवर जीव जडला की त्याचा त्रास तिलाच सर्वांत जास्त होतो. चित्रपट तिला शिक्षा करत नाही. रिओपर्यंत नेतो, प्रेम देतो, गाणं चालू ठेवू देतो. बाईने लोकांपुढे आवाज लावण्याबद्दल मनात जो संकोच घेऊन मी गावाहून आले होते, तो तिने काढून घेतला.

‘इट्स मॅजिक’ला ऑस्करचं नामांकन मिळालं. पुरस्कार त्या वर्षी ‘द पेलफेस’मधल्या ‘बटन्स अँड बोज’ला गेला. डोरिसला मात्र त्यानंतर मागे पाहावं लागलं नाही. ‘कलॅमिटी जेन’, ‘लव्ह मी ऑर लीव्ह मी’, हिचकॉकचा ‘द मॅन हू न्यू टू मच’, ‘पिलो टॉक’... मी ते सगळे पाहिले. तरी माझी डोरिस बोटीवरचीच.

या चित्रपटाने आपलं मराठी गाणंही मला नव्याने ऐकवलं. संगीत नाटकाच्या थोर नटांना ध्वनिक्षेपकाशिवाय पिटातल्या माणसापर्यंत पोचायचं होतं, त्यांची गायकी त्या गरजेतून फुलली. भावगीत मात्र ग्रामोफोन आणि रेडिओच्या अंगणात वाढलं. गजानन वाटव्यांनी शब्दाला जवळ घेऊन गायला शिकवलं. १ एप्रिल १९५५ ला पुणे केंद्रावरून सुरू झालेलं गदिमा आणि सुधीर फडके ऊर्फ बाबूजी यांचं ५६ गीतांचं ‘गीतरामायण’ आमच्या घरी वडील हात जोडून ऐकायचे. बाबूजी शब्द कसे ठेवतात, ते मी लहानपणापासून ऐकत होते, पण ऐकू आलं ते कावेलहून परत आल्यावर. सिनसिनाटी आणि पुणे यांची एकमेकांना ओळख नव्हती. मायक्रोफोनने दोन्हीकडच्या कलावंतांना एकच धडा दिला होता.

त्यानंतर मी एक माणूस निवडलं. माझी आत्या. आतोबा गिरणीत दुसऱ्या पाळीला जात. ते परतेपर्यंत ती जेवण झाकून, रेडिओ लावून, गोधडीला टाके घालत जागी असे. रात्रीच्या प्रसारणात मी तिच्याशी बोलू लागले. आत्याला मोठ्याने सांगावं लागत नाही, ती समोरच बसली आहे. तिच्याशी कुजबुजायचीही गरज नाही, तिला ऐकू येतं. जी मधली जागा मला सापडत नव्हती ती तिथे होती. काटा लाल पट्टीच्या अलीकडे राहू लागला. हळूहळू पत्रं आली. कुणी रुग्णालयात रात्रपाळी करणारी परिचारिका, कुणी कोकणातला एकटा राहणारा निवृत्त पोस्टमन. प्रत्येकाचं म्हणणं थोड्याफार फरकाने तेच: तुम्ही माझ्याशी बोलता असं वाटतं. ही पत्रं मी अंकलना वाचून दाखवत असे. ते डोळे मिटून ऐकत आणि म्हणत, “बसला आवाज.”

अंकल गेले तेव्हा मी स्टुडिओतून थेट कावेलला गेले. आंटीने सॅक्सोफोनची पेटी उघडून ठेवली होती. त्यांच्यासाठी मी काही करू शकले का, याचा विचार मी पुष्कळ केला. त्यांनी कधी काही घेतलं नाही. दिवाळीचा फराळ तेवढा घेत, तोही डबा परत करताना त्यात काहीतरी घालूनच. १३ मे २०१९ ला डोरिस डे कॅलिफोर्नियात वारली, वयाच्या ९७ व्या वर्षी. तिच्या इच्छेप्रमाणे अंत्यविधीचा समारंभ झाला नाही. ज्यांना परतफेड करायची ते सगळे असे आपापल्या वाटेने निघून गेले.

निवृत्तीनंतर मी गावाकडे राहते. आमच्या भागात एक सामुदायिक रेडिओ केंद्र आहे. गावातल्या बायका तिथे शेळ्यांच्या लसीकरणावर, बचत गटावर, बाळंतिणीच्या आहारावर बोलतात. त्यांना बोलायला शिकवायला मी जाते. परवा एक जण शेळ्यांना होणाऱ्या रोगाची माहिती सांगत होती, अगदी ग्रामसभेत उभी असावी तशी. मी तिला विचारलं, गावात शेळ्या कुणाकुणाच्या आहेत? तिने आधी तिच्या जावेचं नाव घेतलं. मग मी म्हटलं, हे सगळं जावेला सांग, ती दारात बसली आहे. तिने कागद बाजूला ठेवला आणि सांगितलं. काचेपलीकडची दोन पोरं कामं सोडून ऐकू लागली.

नंतर सगळ्याजणी चहाला बसल्या तेव्हा मी त्यांना ही सगळी हकीकत सांगितली, बोटीवरच्या जॉर्जियाची, पाय मोडलेल्या डोरिसची, एका शिकवणीच्या पैशांत तीन शिकवण्या देणाऱ्या रेनबाईंची. त्यांतली बचत गटाचा हिशेब ठेवणारी लगेच म्हणाली, “म्हणजे ताई, आठवड्याला दोन शिकवण्यांचे पैसे त्या बाईंचे राहिलेच की. ते कुणी दिले?”

मी म्हटलं, “थोडे डोरिसने दिले, थोडे आमच्या अंकलनी. माझा हप्ता चालू आहे. आणि तुझ्याकडे कुणी शिकायला आली, की तुझा सुरू होईल.”